कँडलस्टिकच्या सशुल्क सेमिनारला पैसे भरावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी सांभाळून शेअर बाजारात ट्रेडिंग करायचे आहे, भांडवल दोन लाखांच्या आत आहे, आणि दोन दिवसांच्या कँडलस्टिक (भावांच्या चार्टवरच्या आकृत्या वाचण्याच्या) सेमिनारची फी २५,००० रुपये अधिक जीएसटी सांगितली आहे. भरावी का?

बहुतेकांसाठी उत्तर ‘नाही’ असे आहे. कँडलस्टिकमध्ये शिकण्यासारखे जे आहे ते आठवडाभरात फुकट शिकून होते. पैसा टिकवायला जे लागते ते या दोन दिवसांत सहसा शिकवलेच जात नाही. थोड्या लोकांना थोडा उपयोग होतो, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

आधी फीचा हिशोब. जीएसटी धरून फी २९,५०० होते. दोन लाखांवर सगळा खर्च जाऊन वर्षाला १५ टक्के सुटले, तर तो उत्तम निकाल समजावा. ते झाले ३०,००० रुपये. म्हणजे पहिले अख्खे वर्ष उत्तम गेले तरी तुम्ही जिथे होता तिथेच. भांडवल एक लाख असेल तर दोन वर्षे. ‘ही रक्कम एका ट्रेडमध्ये वसूल होते’ असे सांगणारा माणूस एका सौद्यात १५ टक्के भांडवल पणाला लावायला शिकवतो आहे, एवढेच त्याचे भाषांतर.

आता मूळ विषय. एका कँडलमध्ये चार भाव असतात: सुरुवातीचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद. बॉडी म्हणजे सुरुवात ते बंद, आणि वरखाली निघालेल्या रेषा म्हणजे विक किंवा शॅडो. डोजी, हॅमर, शूटिंग स्टार, एन्गल्फिंग, हरामी, पिअर्सिंग, डार्क क्लाउड, मॉर्निंग आणि इव्हनिंग स्टार, मारुबोझू. या दहाबारा आकृत्या आल्या की व्यवहारात लागणारे जवळजवळ सगळे झाले. ऐंशी-शंभर पॅटर्न शिकवणारा कोर्स जास्त मोलाचा नसतो. उलट इतके पॅटर्न डोक्यात असले की कोणत्याही चार्टवर कोणता तरी सापडतोच.

‘तीनशे वर्षांचे जपानी गुपित’ हे वाक्य बहुतेक जाहिरातींत असते. ओसाकाच्या दोजिमा तांदूळ बाजाराला १७३० मध्ये अधिकृत मान्यता मिळाली, आणि कँडलचे श्रेय होम्मा मुनेहिसा या साकाताच्या तांदूळ व्यापाऱ्याला दिले जाते. पण आज आपण पाहतो त्या स्वरूपातले चार्ट बरेच नंतरचे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले असावेत, असे अनेक जाणकार मानतात. आणि गुपित तर ते गेली तीसेक वर्षे उरलेलेच नाही. तुमचे मोबाइल ॲप फुकटात पॅटर्न ओळखून दाखवते. जी गोष्ट प्रत्येकाच्या स्क्रीनवर एकाच क्षणी दिसते, तिच्यात मोठा फायदा पडून राहील अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

पॅटर्नच्या व्याख्यांमध्ये एक अडचण आहे, जी सेमिनारात क्वचितच सांगतात. त्या रोजच्या कँडलसाठी बनल्या, जिथे काल बंद झालेला भाव आणि आज उघडलेला भाव यांत गॅप असतो. पिअर्सिंग पॅटर्नमध्ये दुसरी कँडल आधीच्या कँडलच्या नीचांकाखाली उघडावी लागते. पाच मिनिटांच्या चार्टवर नवी कँडल आधीची जिथे बंद झाली तिथेच, फार तर पाचदहा पैसे इकडेतिकडे, उघडते. त्यामुळे शास्त्रशुद्ध पिअर्सिंग तिथे जवळजवळ होतच नाही. उलट एन्गल्फिंग फुकट मिळते: उलट्या रंगाची आणि आधीपेक्षा मोठी बॉडी आली की झाले. लहान आली तर हरामी. पाच मिनिटांच्या चार्टवर दिवसाला ७५ कँडल असतात, म्हणजे असे ‘संकेत’ डझनाने. मग प्रशिक्षक त्यातला चाललेला एक दाखवतो आणि वर्ग टाळ्या वाजवतो.

दुसरी खुबी आपल्या बाजाराच्या वेळेची. ९:१५ ते ३:३० म्हणजे ३७५ मिनिटे. एक तासाची कँडल लावली तर सहा पूर्ण कँडल होतात आणि सातवी फक्त पंधरा मिनिटांची, ३:१५ ते ३:३०. त्या तुटक्या कँडलचा हॅमर (लहान बॉडी, खाली लांब विक) आणि सकाळच्या तासाचा हॅमर एकाच मापाने वाचायचा नसतो. म्हणूनच जाणकार ७५ मिनिटांची कँडल वापरतात. ३७५ ला ७५ ने भागले की बरोबर पाच. बंद भावाचेही तसेच. एनएसईवर शेअरचा अधिकृत बंद भाव शेवटच्या सौद्याचा नसतो. तो वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासाच्या भारित सरासरीने ठरत आला आहे. काही चार्ट एक आकडा घेतात, काही दुसरा. ज्या दिवशी ३:२५ ला भाव उसळतो, त्या दिवशी एका ॲपवर डोजी (सुरुवातीचा आणि बंद भाव जवळजवळ सारखा) दिसतो आणि दुसऱ्यावर हिरवी, म्हणजे वर बंद झालेली कँडल. हे दोन मुद्दे शिकवणाऱ्याला फोनवर विचारून पाहा. उत्तर आले नाही तर त्याने चार्ट दाखवले खूप असतील, वापरलेले नाहीत.

कँडलस्टिकवर संशोधनही झाले आहे. मार्शल, यंग आणि रोझ यांनी २००६ मध्ये अमेरिकेच्या डाउ जोन्स निर्देशांकातल्या शेअरवर हे पॅटर्न तपासले आणि त्यातून गुंतवणूकदाराला फायदा होत नाही असे दाखवले. त्यावरून कँडल पाहूच नये असे मी म्हणणार नाही. मागणी कुठे थकली, स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) कुठे लावला तर तो अर्थपूर्ण ठरेल, आजची हालचाल नेहमीपेक्षा मोठी आहे का, हे वाचायला कँडल उत्तम. पण ‘हा आकार दिसला की घ्या’ एवढ्यावर घर चालत नाही.

आता खर्चाकडे या, कारण खरी मेख इथे आहे. एक लाखाचा इंट्राडे सौदा घ्या, घेतला आणि त्याच दिवशी विकला. डिस्काउंट ब्रोकरकडे साधारणपणे ऑर्डरमागे २० रुपये, म्हणजे दोन्ही मिळून ४०. विक्रीवर एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ०.०२५ टक्के, २५ रुपये. खरेदीवर स्टॅम्प ड्यूटी ०.००३ टक्के, ३ रुपये. एक्स्चेंजचा आकार दोन्ही बाजूंचा मिळून ६ रुपयांच्या आसपास. ब्रोकरेज आणि आकारावर १८ टक्के जीएसटी, सव्वाआठ रुपये. एकूण सुमारे ८२. एक लाखावर ८२ रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. पण इंट्राडेत २० टक्के मार्जिनवर सौदा होतो, म्हणजे तुमचे गुंतले २०,००० आणि त्यावर खर्च झाला ०.४१ टक्के. दिवसाला दोन सौदे, महिन्याला वीस दिवस: चाळीस सौद्यांचे ३,२८० रुपये. गुंतलेल्या वीस हजारांपैकी दर महिन्याला १६ टक्के फक्त खर्चात जातात, आणि यात स्लिपेज (ठरवलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक) धरलेलेच नाही.

हेच पॅटर्नच्या भाषेत पाहू. समजा पॅटर्न खरोखर चालतो: १०० पैकी ४५ वेळा यश, आणि यशात जोखमीच्या दीडपट कमाई. स्टॉपलॉस लागल्यावर जाणारी रक्कम म्हणजे एक ‘आर’. हिशोब: ०.४५ गुणिले १.५, वजा ०.५५. उत्तर ०.१२५ आर, दर सौद्याला. छान दिसते. आता एक लाखाच्या सौद्यावर अर्धा टक्का स्टॉपलॉस ठेवला तर एक आर म्हणजे ५०० रुपये, आणि ८२ रुपये खर्च म्हणजे ०.१६४ आर. चालणारा पॅटर्न तोट्यात गेला. तोच नियम रोजच्या चार्टवर, डिलिव्हरीने (शेअर खात्यात घेऊन, नंतरच्या दिवशी विकून), चार टक्के स्टॉपलॉस ठेवून चालवला तर? एसटीटी दोन्ही बाजूंना ०.१ टक्के, स्टॅम्प ०.०१५ टक्के, वर एक्स्चेंज आणि डीपीचा (डीमॅट खाते सांभाळणाऱ्याचा) आकार. ब्रोकरेज शून्य धरले तर सगळे मिळून २४० च्या आसपास. रक्कम तिप्पट झाली, पण एक आर आता ४,००० रुपयांचा आहे, म्हणजे खर्च फक्त ०.०६ आर. फायदा शिल्लक राहतो. पॅटर्न तोच, शेअर तोच. निकाल टाइमफ्रेमने आणि खर्चाने ठरला. नोकरी करणाऱ्याला तर ९:१५ ते ३:३० स्क्रीनसमोर बसताच येत नाही, मग पाच मिनिटांच्या चार्टचा सेमिनार त्याला विकायचाच का?

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने जुलै २०२४ मध्ये कॅश बाजारातल्या इंट्राडे ट्रेडरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात दहापैकी सात जण तोट्यात होते. वर्षाला ५०० पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांमध्ये तोट्यातल्यांचे प्रमाण ८० टक्के. तोट्यातल्या लोकांनी तोट्याच्या आणखी ५७ टक्के रक्कम सौद्यांच्या खर्चात घालवली होती. फ्युचर्स-ऑप्शन्सचे चित्र याहून वाईट: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. यात क्लास केलेले किती, हे त्या आकड्यांत नाही. पण बाजारात क्लास कमी होते म्हणून हे झाले, असे कोणी म्हणणार नाही.

शिकवणाऱ्याची कमाई कुठून येते ते पाहिले की सेमिनारचा आराखडा समजतो. आधी फुकट किंवा ९९ रुपयांचा वेबिनार. तिथे निम्मा वेळ नोकरीला नावे ठेवण्यात आणि गाड्यांच्या फोटोंत जातो. मग दोन दिवसांचा सेमिनार, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कळते की खरा भाग ‘ॲडव्हान्स मेंटरशिप’मध्ये आहे, ज्याची किंमत लाखात. ‘आजच्या आज नोंदणी केली तर निम्म्यात’ हेही तिथेच. दुसरा झरा ब्रोकरेजचा. त्याच्या लिंकवरून खाते उघडायला लावले, तर तो बहुधा ब्रोकरचा ऑथराइज्ड पर्सन, म्हणजे नोंदलेला प्रतिनिधी असतो किंवा त्याला रेफरलचे पैसे मिळतात. तुमच्या ब्रोकरेजचा वाटा त्याला जातो. अशा माणसाला तुम्ही कमी सौदे करावेत असे का वाटेल? हा प्रश्न तोंडावर विचारावा. प्रामाणिक माणूस ‘हो, मिळतो’ म्हणून मोकळा होतो.

नफ्याचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नयेत. ब्राउझरमध्ये पानावरचा आकडा बदलायला अर्धा मिनिट पुरतो. ब्रोकरचे ‘व्हेरिफाइड’ पान खरे असले तरी ते एका खात्याचे, बहुधा ठराविक काळाचे असते. बायकोच्या नावच्या दुसऱ्या खात्यात उलटा सौदा असेल तर तो तिथे दिसत नाही. सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या एका प्रशिक्षकावर अंतरिम आदेश काढला आणि १७ कोटींहून जास्त रक्कम जमा करायला सांगितले. कोर्सच्या जाहिरातीत नफ्याचे दावे होते. आदेशाप्रमाणे त्याच्या स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये अडीच वर्षांत कोट्यवधींचा निव्वळ तोटा होता. पाहायचेच असेल तर किमान तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि ब्रोकरचा वार्षिक करअहवाल पाहावा. बहुतेक जण दाखवत नाहीत, आणि तेही एक उत्तरच आहे.

नियमांच्या बाजूने एक सोपी चाळणी आहे. ट्रेडिंग ‘शिकवायला’ सेबीचा परवाना लागत नाही, पण सल्ला किंवा शिफारस द्यायला लागतो: गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनएने आणि रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचने सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर नाव घालून तो तपासता येतो. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले की जो फक्त शिक्षण देतो त्याने मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून शेअरचे नाव घेऊन पुढच्या भावाबद्दल काही सुचवू नये. म्हणजे ‘लाइव्ह मार्केटमध्ये सोबत ट्रेड करू’ ही जाहिरात आणि ‘आम्ही फक्त शिकवतो’ ही खालची बारीक ओळ एकत्र दिसली, तर दोन्हींपैकी एक खोटी. नोंदणी क्रमांक असला म्हणून सेमिनारचा दर्जा सेबीने तपासला आहे असेही नाही. ‘सेबी मान्यताप्राप्त कोर्स’ हे शब्द वाचले की पुढे वाचू नये.

मग कोणाला उपयोग होतो? ज्याने सहा महिने तरी लहान रकमेने सौदे केले आहेत, नोंदी ठेवल्या आहेत, आणि त्याच नोंदी घेऊन कोणी अनुभवी माणूस त्याच्याशी बसणार आहे, त्याला. अशा वर्गात दहाबारापेक्षा जास्त माणसे नसतात, हॉटेलच्या हॉलमध्ये तीनशे तर नसतातच. तिथे वेळ जातो तो सौद्याचा आकार ठरवण्यात. उदाहरणार्थ, भांडवल दोन लाख, एका सौद्यात जोखीम एक टक्का म्हणजे २,००० रुपये, स्टॉपलॉस ८ रुपये दूर, तर २५० शेअर, त्याहून एकही जास्त नाही. स्टॉपलॉस ऑर्डर मार्केटची (मिळेल त्या भावाला) लावावी की लिमिटची (ठरवलेल्या मर्यादेतल्या भावालाच), आणि लिमिटची लावल्यावर भाव उडी मारून खाली गेला तर ती तशीच पडून का राहते. इंट्राडेचे उत्पन्न करात सट्टा व्यवसायात का धरतात आणि त्याचा तोटा पगारातून का वजा होत नाही. सेमिनारच्या वेळापत्रकात हे विषय पहिल्या दिवशी असतील आणि फी भांडवलाच्या तीनचार टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर जायला हरकत नाही. नोकरीमुळे स्वतः बसून शिकणे होतच नाही, कोणी वेळ बांधून दिली तरच होते, अशी माणसेही असतात. त्यांनी निदान स्वस्तातला घ्यावा.

सेमिनारऐवजी करण्यासारखे काम सांगतो. एकच पॅटर्न घ्या, हॅमर घ्या, आणि नियम आकड्यांत लिहा. खालची विक बॉडीच्या किमान दुप्पट; वरची विक पूर्ण उंचीच्या दहा टक्क्यांच्या आत; त्या दिवशीचा बंद भाव २० दिवसांच्या सरासरीखाली. दुसऱ्या दिवशी हॅमरच्या उच्चांकावर भाव गेला तर खरेदी, नाही गेला तर सौदा नाही. स्टॉपलॉस हॅमरच्या नीचांकाखाली. दोन आर मिळाले की बाहेर, नाहीतर दहाव्या दिवशी बंद भावाला बाहेर. ‘विक बरीच लांब हवी’ ही व्याख्या नव्हे. आपल्याला हवे तेव्हा ‘बरीच’चा अर्थ बदलतो.

भावांचा इतिहास एनएसईच्या संकेतस्थळावर भावकॉपीत (रोजच्या भावांच्या फाइलमध्ये) फुकट मिळतो. तिथे पहिली चूक होते ती बोनस आणि स्प्लिटची: एकास एक बोनस झाला की भाव एका दिवसात निम्मा दिसतो, आणि तपासणीत तो प्रचंड लाल कँडल म्हणून शिरतो. भाव आधी सारखे करून घ्या. दुसरी चूक शेअरच्या यादीची. आजच्या निफ्टीतले पन्नास शेअर घेऊन मागची दहा वर्षे तपासली तर निकाल सुंदर येणारच, कारण जे बुडाले ते यादीतून आधीच गळलेले आहेत. दहा वर्षांपूर्वीची यादी वापरा. तिसरी चूक भावाची: हॅमर झाला की नाही हे ३:३० ला कळते, त्यामुळे त्याच दिवशीच्या बंद भावाला खरेदी झाली असे धरता येत नाही. दुसऱ्या दिवशी शेअर हॅमरच्या उच्चांकाच्या वर उघडला तर खरेदी उघडलेल्या भावालाच धरा, तो कितीही महाग असो. आणि एकाच दिवशी स्टॉपलॉस व टार्गेट दोन्ही लागलेले दिसले, तर स्टॉपलॉस आधी लागला असे लिहा.

किती सौदे तपासावेत? ४० सौद्यांत ५५ टक्के यश आले तर ते शुद्ध नशीबही असू शकते. इतक्या नमुन्यात आठ टक्के इकडेतिकडे सहज होतात. ४०० सौद्यांवर ही चूक अडीच टक्क्यांवर येते. सेमिनारात दाखवतात ती उदाहरणे दहाबारा असतात.

शेवटी तुलना करा, आणि ही पायरी गाळू नका. तेच शेअर, तोच स्टॉपलॉस, तीच दोन आरची मर्यादा, पण खरेदी चिठ्ठी टाकून निवडलेल्या दिवशी. चढत्या बाजारात अशा आंधळ्या खरेदीलाही नफा दिसतो. आंधळ्या खरेदीला सरासरी ०.१० आर आणि हॅमरला ०.१२ आर आले, तर हॅमरने जवळजवळ काही दिलेले नाही, बाजाराने दिले आहे. स्प्रेडशीट येत असेल तर हे सगळे दोन-तीन शनिवार-रविवारांचे काम आहे. बाजाराची पायाभूत माहिती पक्की करायला एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेमार्फत होणारी सेबीची गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा आहे, ती मोफत आहे. ट्रेडर ती बनवत नाही, पण जाहिरातीतली निम्मी वाक्ये त्यानंतर आपोआप ओळखू येतात.

पैसे आधीच भरले असतील तर परताव्याची अट लेखी काय आहे ते आजच पाहा; ‘पहिल्या सत्रानंतर परतावा नाही’ असे असेल तर सत्र सुरू व्हायच्या आत ईमेलने मागणी करा, फोनवर नको. जाहिरातीचे, व्हॉट्सॲपवरच्या नफ्याच्या दाव्यांचे आणि पावतीचे फोटो तारखेसह साठवा. परतावा नाकारला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ठरावीक नफ्याची हमी देऊन तुमच्या खात्याचा पासवर्ड किंवा पैसे मागितले असतील तर तो फसवणुकीचा प्रकार आहे, त्यासाठी १९३०. आणि जाणारच असाल तर डीमॅट खाते त्यांच्या लिंकवरून उघडू नका, सेमिनारनंतर तीन महिने तिथला एकही पॅटर्न खऱ्या पैशाने वापरू नका, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी क्रेडिट कार्ड घरी ठेवून जा.